कुंडीतील वॉटरक्रेस: झऱ्याकाठची भाजी घरात वाढवताना

वॉटरक्रेस ही मुळात झऱ्याकाठची भाजी. युरोप आणि पश्चिम आशियातील थंड, उथळ, संथपणे पण अखंड वाहणाऱ्या पाण्यात ती वाढते, पेऱ्यापेऱ्याला मुळे सोडत पसरते आणि पाण्यावर हिरवी गादी अंथरल्यासारखी दिसते. तिला कुंडीत लावू पाहणाऱ्याने तिच्या या मूळ घराची आठवण सतत ठेवावी, कारण पुढे सांगितलेल्या जवळजवळ प्रत्येक कृतीचे कारण तिथेच आहे: मुळांना पाणी कायम हवे, परंतु ते शिळे झालेले चालत नाही. यातील पहिली गोष्ट बहुतेक जण नीट सांभाळतात. रोपे जातात ती दुसरीकडे दुर्लक्ष झाल्यामुळे.

इंग्लंडमध्ये हिची व्यापारी लागवड १८०८ साली केंट परगण्यातील स्प्रिंगहेड येथे विल्यम ब्रॅडबेरी यांनी सुरू केली. पुढे हॅम्पशायरमधील ऑल्सफर्ड हे गाव या भाजीसाठी प्रसिद्ध झाले. तेथील खडूच्या खडकातून झिरपून वर येणारे पाणी बारा महिने साधारण १० ते ११ अंश सेल्सिअस तापमानाचे असते. ते हिवाळ्यात गोठत नाही आणि उन्हाळ्यात तापत नाही. १८६५ साली सुरू झालेल्या ज्या रेल्वेमार्गाने ही भाजी लंडनच्या बाजारात जाई, त्याला आजही ‘वॉटरक्रेस लाइन’ म्हणतात. पुण्यातल्या किंवा नाशिकमधल्या गच्चीवर असे पाणी मिळणार नाही हे उघड आहे, परंतु आपल्या हिवाळ्याचे तीन-साडेतीन महिने हाताशी धरले आणि पाणी बदलत राहिले, तर चार माणसांच्या घराला आठवड्यातून एकदा पुरेल इतकी भाजी दोन-तीन कुंड्यांतून निघते, असा माझा अनुभव आहे.

आधी ओळख पटवून घ्यावी

वॉटरक्रेस मोहरीच्या कुळातली आहे. तिचे पान चावले की प्रथम हिरवी, किंचित गोडसर चव लागते आणि क्षणभराने मोहरी फेसल्यावर नाकात चढतो तसा झणका जाणवतो. हे साम्य वरवरचे नाही. मोहरी फेसताना दाण्यातील एक द्रव्य आणि त्याच दाण्यातील विकर पाण्यात एकत्र येतात आणि तिखटपणा तयार होतो. वॉटरक्रेसच्या पानात हेच काम चावताना किंवा चिरताना होते. म्हणूनच न चिरलेल्या जुडीला फारसा वास येत नाही.

नवख्या माणसाची पहिली फसगत बियाण्यातच होते. आपल्याकडे बाळंतिणीला ज्याचे लाडू देतात ते अळीव हे याच कुळातले, पण निराळे झाड आहे. दोघांच्या इंग्रजी नावांत ‘क्रेस’ असल्यामुळे विक्रेतेही पुष्कळदा गोंधळ करतात. मी पहिल्या वर्षी घरपोच मागवलेल्या पाकिटावर वॉटरक्रेसचे चित्र होते आणि आत अळीव निघाले. ओळखण्याची खूण सोपी आहे: चार दाणे वाटीभर पाण्यात टाकावेत. अळिवाचा दाणा तांबूस, लांबट असतो आणि थोड्याच वेळात त्याच्याभोवती बुळबुळीत, पारदर्शक आवरण फुगून येते. वॉटरक्रेसचे बी त्याहून पुष्कळच बारीक, गोलसर असते आणि त्याला तसा बुळबुळीतपणा सुटत नाही. पाकिटावर ‘नॅस्टर्शियम ऑफिसिनेल’ हे शास्त्रीय नाव छापलेले आहे का, तेही पाहावे. केवळ ‘नॅस्टर्शियम’ एवढेच लिहिले असेल तर ते केशरी-पिवळ्या फुलांचे, बागेत शोभेसाठी लावतात ते झाड असण्याची शक्यता अधिक, आणि त्याचा वॉटरक्रेसशी कुळाचाही संबंध नाही.

हंगाम

पश्चिम महाराष्ट्राच्या पठारावर, म्हणजे पुणे, सातारा, नाशिक या पट्ट्यात, पाऊस पूर्ण थांबून ऑक्टोबरचे ऊन ओसरले की पेरणी करावी. दिवाळी झाली की कुंड्या भरायला घ्याव्यात, हा माझा ठोकताळा आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरलेले बी डिसेंबरच्या अखेरीस खुडण्याजोगे होते आणि फेब्रुवारी संपेपर्यंत भाजी मिळत राहते. मुंबई, कोकण आणि गोव्यात रात्री पुरेशा थंड होत नाहीत, म्हणून तेथे बियांच्या भानगडीत न पडता डिसेंबरात छाट कलमे लावून जानेवारी-फेब्रुवारीतच भाजी घ्यावी. विदर्भात थंडी चांगली पडते, पण फेब्रुवारीतच ऊन तापू लागते, त्यामुळे तेथे पेरणीला उशीर करू नये. महाबळेश्वर-पाचगणीसारख्या ठिकाणी राहणाऱ्यांना हंगाम बराच लांबवता येतो.

पावसाळ्यात हवा गार असते म्हणून पेरून पाहण्याचा मोह होतो. मी ऑगस्टमध्ये तसे केले होते. बी चौथ्या-पाचव्या दिवशी उगवले आणि दहाव्या दिवशी सकाळी सगळी रोपे बुडख्याशी दोरा बांधून आवळल्यासारखी बारीक होऊन आडवी पडलेली होती. ओलसर, कोंदट हवेत इतकी नाजूक रोपे कोलमडतातच.

कुंडी आणि माती

हिची मुळे खोल जात नाहीत, पसरतात. म्हणून उंच कुंडीपेक्षा पसरट कुंडी घ्यावी: खोली १५ ते २० सेंटिमीटर आणि व्यास २५ ते ३० सेंटिमीटर. तळाला भोके असलीच पाहिजेत. पाण्यातली वनस्पती आहे म्हणून पुष्कळ जण बिनभोकाचे टब वापरतात, आणि तिथेच पाणी शिळे होण्याची सुरुवात होते. भोकांची कुंडी पाणी भरलेल्या खोलगट ताटलीत ठेवली म्हणजे माती खालून ओली राहते आणि पाणी हवे तेव्हा ओतून बदलता येते.

प्लास्टिकची कुंडी चालते, परंतु शक्य असेल तर मातीची घ्यावी. माठातले पाणी ज्या कारणाने गार राहते, त्याच कारणाने मातीच्या कुंडीतली मुळेही गार राहतात. दुपारी दोन वाजता गच्चीवरच्या दोन्ही प्रकारच्या कुंड्यांच्या मातीत बोट घालून पाहिले तर फरक ताबडतोब कळतो. मातीच्या कुंडीवर महिन्याभरात बाहेरून पांढरे क्षार फुलतात. ते ओल्या काथ्याने घासून टाकावेत.

मिश्रणासाठी दोन भाग चाळलेली पोयटा माती, दोन भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग कोकोपीट घ्यावे. कोकोपीटची वीट भिजवल्यावर ते दोनदा तरी स्वच्छ पाण्यात धुऊन पिळून घ्यावे, कारण त्यात नारळाच्या काथ्यातले क्षार असतात आणि बारीक रोपांना ते सोसत नाहीत. निव्वळ काळी माती टाळावी. ती ओली असताना चिकट होऊन बसते आणि मुळांना हवा मिळत नाही. अर्धवट कुजलेले शेणखत तर मुळीच घालू नये, कारण सततच्या ओलीत ते सडते आणि दोन दिवसांत कुंडीला गटारासारखा वास येऊ लागतो. ही भाजी कच्ची खायची असते, हे दुसरे कारण त्याहून मोठे आहे.

बी पेरावे की छाट लावावी

बी इतके बारीक असते की चिमटीत धरले तरी नेमके किती पडले ते समजत नाही. म्हणून पाव चमचा बी चार चमचे बारीक, कोरड्या वाळूत मिसळून घ्यावे आणि रांगोळी सोडतो तसे ओल्या मातीवर सारखे भुरभुरावे. इतके बी दोन-तीन कुंड्यांना पुरते. वर माती टाकू नये. तळव्याने हलके दाबले की पुरे, कारण उगवण्यासाठी बियाला उजेड लागतो. कुंडी ताटलीत ठेवून ताटलीत दोन बोटे पाणी घालावे आणि वरून झारीने पाणी देऊ नये, नाहीतर सगळे बी एका कडेला वाहून जाते. कुंडीच्या तोंडावर काच किंवा पारदर्शक प्लास्टिक सैलसर ठेवून ती उजेडात पण उन्हाबाहेर ठेवावी. थंडीत ७ ते १४ दिवसांत अंकुर दिसतात. सुरुवातीला ते हिरव्या टाचणीच्या डोक्याएवढे असतात आणि शेवाळ समजून खरवडले जाण्याचा धोका असतो. अंकुर दिसताच झाकण काढावे. रोपांना तिसरे-चौथे पान आले की ती विरळ करावीत, दोन रोपांत चार बोटे अंतर ठेवावे, आणि उपटलेली रोपे दुसऱ्या कुंडीत लावावीत.

छाट कलमाची पद्धत याहून सोपी आहे आणि पहिल्याच वर्षी करणाऱ्याने मी तीच निवडावी असे म्हणेन. मोठ्या शहरांतील भाजीच्या दुकानांत परदेशी पालेभाज्यांच्या फळीवर हिची जुडी कधी कधी मिळते. ताजी, काड्या ताठ असलेली जुडी घ्यावी. प्रत्येक काडी वीतभर ठेवून खालची पाने काढावीत आणि काड्या काचेच्या पेल्यात, दोन पेरी पाण्याखाली राहतील अशा उभ्या कराव्यात. पाणी रोज बदलावे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पेऱ्याच्या बाजूने पांढरे ठिपके फुटतात, आणि आठवड्याच्या आत त्यांची शेवयांसारखी मुळे होतात. काही काड्यांना तर बाजारातून आणतानाच पेऱ्यांपाशी बारीक मुळे फुटलेली दिसतात. अशा काड्या थेट कुंडीत लावल्या तरी चालतात. काडी सरळ उभी खोचण्यापेक्षा तिरकी लावून दोन पेरी मातीत दाबावीत, म्हणजे दोन्हीकडून मुळे सुटतात.

पाणी

रोपे लागली की ताटलीत नेहमी तीन ते चार सेंटिमीटर पाणी ठेवावे आणि ते दिवसाआड पूर्ण ओतून नवे भरावे. ओतलेले पाणी वाया जात नाही, ते दुसऱ्या कुंड्यांना घालावे. ताटलीत नवे पाणी भरण्यापूर्वी एक तांब्याभर पाणी वरून, मातीतून झिरपू द्यावे. त्यामुळे मातीतली कोंडलेली हवा आणि साचलेले क्षार खाली उतरतात. झरा जे काम चोवीस तास करतो ते आपण या एका तांब्याने दिवसाआड करतो, म्हणून ही कृती कंटाळा करून सोडू नये. पाणी शिळे झाले हे डोळ्यांआधी नाकाला कळते. कुंडी उचलून तळाशी वास घ्यावा: ओल्या मातीचा वास आला तर ठीक, कुबट वास आला तर कुंडी ताटलीतून काढून अर्धा दिवस निथळू द्यावी आणि मग पुन्हा रोज पाणी बदलण्यापासून सुरुवात करावी. निरोगी मुळे पांढरी असतात. तपकिरी, बोटांत धरताच गळून येणारी मुळे दिसली तर वरचे हिरवे शेंडे तोडून त्यांची नवी कलमे करणे हाच उपाय उरतो.

नळाच्या पाण्याला क्लोरिनचा वास येत असेल तर ते बादलीत रात्रभर उघडे ठेवून वापरावे. बोअरवेलचे जड पाणी या भाजीला त्रास देत नाही, कारण तिचे मूळ झरेच चुनखडीयुक्त खडकातले. मात्र पाणी जिभेला खारट लागत असेल तर ते वापरू नये. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणीही घालू नये, त्यात क्षार एकवटलेले असतात. आपल्याकडे परसात मोरीच्या किंवा विहिरीच्या सांडपाण्यावर अळू लावण्याची जुनी पद्धत आहे, आणि शिजवून खायच्या अळवाला ते चालून गेले. कच्च्या खायच्या वॉटरक्रेसला भांडी-कपड्यांचे पाणी कधीही देऊ नये.

ताटलीतल्या पाण्याची आणखी एक जबाबदारी आहे. डेंग्यूचा डास घराभोवतीच्या स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. महापालिका आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगतात तो याच कारणासाठी. दिवसाआड पाणी बदलले तरी आठवड्यातून एकदा ताटली घासणीने कडेपर्यंत घासून उन्हात वाळवावी, कारण अंडी पाण्याच्या रेषेला भांड्याच्या भिंतीवर चिकटतात आणि नुसते पाणी ओतल्याने जात नाहीत. रोपाला तेवढ्या वेळाने काहीही होत नाही.

ऊन, खत, कीड

सकाळी अकरापर्यंतचे ऊन आणि नंतर सावली ही जागा उत्तम. पूर्वेकडची गॅलरी असेल तर प्रश्नच नाही. गच्चीवर ठेवणार असाल तर कुंडी थेट सिमेंटच्या लादीवर न ठेवता दोन विटांवर ठेवावी आणि वर ५० टक्के सावलीचे शेडनेट बांधावे. डिसेंबरातही पुण्यात दुपारी पारा २८-३० अंशांवर जातो, हे विसरू नये.

दर पंधरा दिवसांनी मूठभर गांडूळखत वरून पसरावे. जुनी पाने पिवळी पडू लागली तर भूक लागल्याची ती खूण असते. कडाक्याच्या थंडीत पानांवर जांभळट छटा येते. पाने टवटवीत असतील तर तिची काळजी करू नये.

कोबी-फ्लॉवरवर पडणाऱ्या किडी हिच्यावरही येतात, त्यातही मावा. त्यावर औषधाआधी एक उपाय करावा, जो दुसऱ्या कोणत्याही कुंडीतल्या भाजीला सहसा जमत नाही: बादलीत पाणी भरावे, मातीवर तळवा दाबून धरून कुंडी तिरकी करावी आणि सगळा पाला दहा मिनिटे पाण्यात बुडवून ठेवावा. मावा सुटून वर तरंगू लागतो, हिरव्या राजगिऱ्याचे दाणे सांडल्यासारखा. पाण्यातल्याच या वनस्पतीला बुडण्याचे काही वाटत नाही. तीन दिवसांच्या अंतराने दोनदा केले की बहुतेक वेळा कीड आटोक्यात येते. तरीही उरली तर लिटरभर पाण्यात ५ मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि साबणाचे चार थेंब घालून संध्याकाळी फवारावे आणि त्यानंतर आठवडाभर भाजी खुडू नये. गोगलगाई रात्री येतात. त्या बॅटरीच्या उजेडात वेचून दूर टाकाव्यात.

खुडणी आणि वापर

फांद्या वीतभर झाल्या की शेंड्याकडचा चार-पाच बोटे भाग कात्रीने कापावा आणि खाली निदान दोन पेरी पाने ठेवावीत. एका वेळी झाडाचा तिसरा हिस्साच घ्यावा. शेंडा खुडला की बगलेतून दोन नवे फुटवे येतात, म्हणून पहिली खुडणी थोडी लवकरच करावी. कौतुकाने वाढू दिलेले झाड लांबट होते आणि मध्ये उघडे पडते. कापलेल्या काड्या पाण्याच्या पेल्यात ठेवून वरून पिशवी घातली तर फ्रिजमध्ये चार दिवस टिकतात, नुसत्या ठेवल्या तर दुसऱ्याच दिवशी माना टाकतात.

कच्ची खाण्यातच हिची खरी चव आहे. बारीक चिरून दह्यात, मीठ-साखर आणि दाण्याचे कूट घालून कोशिंबीर करावी. फोडणी द्यायची असेल तर मोहरीशिवाय, केवळ जिऱ्याची द्यावी, कारण मोहरीचे काम पाने स्वतःच करतात. बटाटा आणि कांदा शिजवून घोटलेल्या सारात गॅस बंद केल्यावर मूठभर पाने घातली तर रंग आणि झणका दोन्ही राहतात. पीठ पेरून भाजीही होते, पण जास्त वेळ परतली की ती चवीला पालकासारखीच लागते, आणि मग एवढ्या पाणी-बदलीचे श्रम कशासाठी घेतले असे वाटते.

अमेरिकेतील रोग नियंत्रण केंद्राच्या नियतकालिकात २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, उष्मांकाच्या मानाने पोषणद्रव्यांची मोजदाद करून ४१ फळे-भाज्यांची क्रमवारी लावली होती, आणि तिच्यात वॉटरक्रेस पहिली आली. तिच्यात ‘के’ जीवनसत्त्व भरपूर असते. म्हणून रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिनसारखे औषध घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही भाजी नेमाने खाण्यास सुरुवात करू नये.

ओढ्याकाठी किंवा डोंगरी पाणवठ्यावर आपोआप वाढलेली वॉटरक्रेस दिसली तरी ती कच्ची खाऊ नये. जेथे गुरे-मेंढ्या चरतात तेथील पाण्यात यकृतात राहणाऱ्या चपट्या कृमीच्या अवस्था असतात. त्या अशा पाणवनस्पतींच्या पानांना चिकटतात आणि वरवर धुऊन निघत नाहीत. घरच्या कुंडीत स्वच्छ पाण्यावर वाढवण्याचे मोल इथे कळते.

फुले आल्यानंतर

दिवस मोठा होऊ लागला आणि ऊन तापले की शेंड्याला चार पाकळ्यांची बारीक पांढरी फुले येतात आणि पाने कडू होऊ लागतात. फुलोरा खुडून आठ-दहा दिवस मिळवता येतात, त्याहून अधिक नाही. एका कुंडीत फुले ठेवून शेंगा धरू द्याव्यात. त्या पिवळसर होताच, फुटण्याआधी, कागदाच्या पिशवीत कापून घ्याव्यात. उरलेल्या झाडांचे चार निरोगी शेंडे तोडून स्वयंपाकघरातल्या उत्तरेच्या खिडकीत काचेच्या बरणीत ठेवावेत. एप्रिल-मेमध्ये त्यांचे पाणी सकाळ-संध्याकाळ बदलावे, फार लांबले तर शेंडा तोडून पुन्हा नवा पेला मांडावा. ते खायला देण्याइतके वाढत नाहीत, पण जगतात. मी ठेवलेल्या चारांपैकी दोन गेल्या वर्षी पावसाळाही काढून गेले आणि दिवाळीनंतरच्या सगळ्या कुंड्या त्या दोनांच्याच फुटव्यांवर भरल्या.